कल चांगला आहे

भास्कर जोशी हे नाव ऐकून अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी माणसांनी जे गृहीत धरलं, त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. आडनावावरून माणसाचं गाव, घर, देव आणि आमटीत गूळ पडतो की नाही इथपर्यंत सगळं ताडायची आपली जुनी खोड आहे, आणि ती काही बोस्टनच्या विमानतळावर कोणी काढून घेत नाही. जोशी म्हणजे जोशी. पण भास्करराव नगरचे, आणि चौथ्या पिढीतले ख्रिस्ती. पणजोबा गावचे जोशी होते. घरोघर जाऊन तिथी-वार सांगायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी पंचांग सोडलं, आडनाव मात्र सोडलं नाही. त्यांना बाप्तिस्मा देणारे साहेब ह्याच मॅसॅच्युसेट्समधून बोटीत बसून गेलेले. म्हणजे इथला धर्म तिकडे गेला, आणि त्या धर्मातला माणूस बऱ्याच वर्षांनी इकडे येऊन बघतो, तर इथलं चर्च अर्धं रिकामं. पांढऱ्या मनोऱ्याच्या त्या चर्चमध्ये रविवारी पिकल्या केसांची थोडी माणसं दिसायची, त्यांत सावळा चेहरा एकच.

नगरकडे चर्चच्या लोकांना मंडळी म्हणतात, आणि इथल्या मराठी लोकांचं होतं महाराष्ट्र मंडळ. त्यावरून भास्करराव म्हणायचे, "मला एक मंडळी आहे आणि एक मंडळ. मंडळीत मराठी कुणाला येत नाही, आणि मंडळात माझी प्रार्थना कुणाला येत नाही." गंमत म्हणून म्हणायचे, पण ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

पुण्याहून ते आले ते कॉम्प्युटरच्या नोकरीवर, सगळे येतात तसेच. पन्नाशी उलटल्यावर कंपनीनं त्यांचं अख्खं खातं बंद केलं. मग वूस्टरच्या एका जुन्या ग्रंथालयात काम मिळालं. तळघरात बसायचं आणि दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या छापील पंचांगांचे फोटो काढून कॉम्प्युटरवर चढवायचे. पणजोबांनी सोडलेलं पंचांग असं पणतूच्या पुढ्यात येऊन पडलं. हे इंग्रजीत होतं आणि ख्रिस्ती होतं, एवढाच काय तो फरक. सुरुवातीच्या पानांत कुठेतरी एक उघडा माणूस उभा असायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत त्याच्या अवयवांना बारा राशी जोडलेल्या असायच्या. मानेला वृषभ, काळजाला सिंह, पावलांना मीन. चंद्र ज्या राशीत असेल तिथली शीर त्या दिवशी कापायची नाही, असा दंडक. आणि त्याच पंचांगात वर देवाच्या कृपेचे गोडवे.

भास्कररावांना आधी हे सगळं पाप वाटलं. लहानपणी घरात पत्रिकेचा 'प' काढला तरी आजी कान पिळायची. पण त्याच कपाटांत जुन्या पाद्र्यांची चोपडी होती, लंडनची, जर्मनीची, बोस्टनची. दुपारी डबा खाता खाता ते ती चाळू लागले आणि चाट पडले. त्यांतले कितीतरी जण ज्योतिषाची वकिली करत होते, आणि तीही पवित्र शास्त्राच्या आधारानं. देवानं आकाशात ज्योती लावल्या त्या नुसत्या उजेडासाठी नव्हेत, खुणांसाठीही, असं ते म्हणत. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना तान्ह्या प्रभूच्या दारापर्यंत कुणी नेलं? ताऱ्यानंच ना? तारे हे देवाचे चाकर. मग धन्याचा निरोप चाकराच्या तोंडून ऐकण्यात कसलं पाप? विरुद्ध बाजूचे पाद्रीही काही कमी नव्हते. देवानं झाकून ठेवलेलं उघडू बघतो तो चोर, असं ते ठणकावत. त्यांच्यासाठी वकिलांनी एक वाक्य तयार ठेवलं होतं, मूळ लॅटिनमधलं, आणि ते भास्कररावांना पुन्हा पुन्हा भेटायचं. तारे कल देतात, सक्ती करत नाहीत. ग्रहांनी मन एका अंगाला कलतं खरं, पण त्या बाजूला पडायचं की नाही, ते देवाची कृपा आणि माणूस मिळून ठरवतात.

हळूहळू त्या वकिलांचं मन त्यांना कळायला लागलं. पोर तापानं फणफणलं की गावातली बाई पाळकाच्या दारात येणार. त्यानं 'देवाची इच्छा' म्हणून परत पाठवली, तर ती पुढच्या आळीतल्या मांत्रिकाकडे जाणार. त्यापेक्षा पाळकच पंचांग उघडायचा, थोडं दटावायचा, थोडं सांगायचा. आणि आपल्या दारात कुणीतरी यावं, ही त्याचीही गरज असणारच. हे शेवटचं कुठल्या चोपड्यात लिहिलेलं नव्हतं. ते भास्कररावांच्या पदरचं.

त्यांची बायको लता गेली तेव्हा चर्चच्या बायकांनी रीतीप्रमाणे जेवणाचे डबे आणून दिले आणि काही आठवड्यांनी रीतीप्रमाणे थांबवले. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला फ्रीजच्या आवाजाखेरीज कोणी नाही, अशा त्या वर्षी ते पहिल्यांदा मंडळाच्या गणपतीला गेले. शाळेचा हॉल घेतलेला होता. आरती सुरू झाली तसे ते दाराशी, चपला-बुटांच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते ठरेना. तेवढ्यात एका ठेंगण्या, हसऱ्या माणसानं घडीची खुर्ची उघडून त्यांच्यामागे ठेवली.

"बसा हो जोशीबुवा. तुम्हीच मागे उभे राहिलात तर आरती चुकल्यावर आम्ही कुणाकडे बघायचं?"

"मी ख्रिश्चन आहे," भास्करराव म्हणाले.

"मग काय झालं? खुर्ची सेक्युलर आहे. बसा."

हा संजीव, नागपूरचा. जेवणाच्या पंगतीत त्याच्या बायकोनं, राधिकानं, व्हायचा तो प्रश्न केलाच. "काका, पत्रिका बघता का हो? आमच्या आन्याची दाखवायची होती." भास्कररावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. समोर ताटं घेऊन बसलेली मराठी माणसं होती, मराठीत बोलणारी, आणि त्यांच्यात आपल्याला जागा करून दिलेली होती.

"बघू," ते म्हणाले.

तेवढं पुरलं. फोनवरच्या ॲपमध्ये जन्मवेळ घातली की कुंडली आपोआप तयार व्हायची. बाकी काम ऐकण्याचं होतं, आणि ते भास्कररावांना छान जमायचं. कुणाचं ग्रीन कार्ड अडकलेलं, कुणाचा मुलगा खोलीचं दार उघडत नाही, कुणाची नोकरी डुगडुगते आहे. भास्करराव सगळं ऐकून घ्यायचे, चष्मा काढायचे, पुसायचे आणि सांगायचे, "ग्रहांचा कल चांगला आहे. कल असतो, सक्ती नसते. बाकी प्रभूच्या हातात." त्यातला प्रभू ज्यानं त्यानं आपापला समजून घेतला. ख्रिश्चन असून काय अभ्यास आहे, असं कौतुक व्हायला लागलं. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटले की भास्करराव त्या जुन्या पाद्र्यांना मनातल्या मनात साक्षीला बोलवायचे. खूण आहे, कारण नव्हे. चाकर आहे, धनी नव्हे. साक्षीदार प्रत्येक वेळी हजर व्हायचे आणि भास्करराव निर्दोष सुटायचे.

संजीवनं मात्र स्वतःची पत्रिका कधी दाखवली नाही. "माझे ग्रह राधिकाच्या ताब्यात आहेत, तिलाच विचारा," म्हणायचा. शनिवारी सकाळी तो न विचारता गाडी घेऊन दारात हजर व्हायचा, आणि दोघं तळ्याकाठी कॉफीचे कागदी पेले घेऊन बसायचे. लता गेल्यानंतर भास्कररावांच्या आठवड्याला शनिवार होता तो ह्या माणसामुळे.

त्याची आन्या इथेच जन्मलेली, आता टेक्सासात, डॅलसजवळ प्लेनोला एका मोठ्या कंपनीत होती. तिचं मराठी म्हणजे लहानपणी आईनं दिवसभर सोडलेले हुकूम. ये, बस, जेव, झोप. हिंदी त्या मानानं बरी, कारण कॉलेजात हिंदी गाण्यांवर नाचणाऱ्या टीममध्ये ती होती आणि तिथल्या मैत्रिणी दिल्लीकडच्या. मराठी शब्द अडला की ती हिंदीवरून अंदाज बांधायची, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

गेल्या हिवाळ्यात संजीवला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ठेंगणा माणूस आणखी आखडत गेला. डॉक्टर रोज एक वेगळं सांगायचे आणि राधिका त्यातलं बरं तेवढं धरून बसायची. एका सकाळी भास्करराव हॉस्पिटलमध्ये गेले, तर तिला जरा पाठ टेकायला मिळावी म्हणून तेच खाटेजवळ बसले. ब्लँकेट सारखं करताना संजीवच्या पावलांना हात लागला. पावलं गार पडली होती. लताची अशीच झाली होती. भास्कररावांना कळायचं ते कळलं.

"पोरगी कधी येते?" संजीवनं डोळे न उघडता विचारलं.

"येईल," भास्करराव म्हणाले.

दुपारी ते घरी पोचतात तोच आन्याचा फोन आला. "काका, आई काही स्ट्रेट सांगतच नाहीये. शी सेड, काकांना विचार. आज संध्याकाळची एक फ्लाइट आहे, आणि वन टुमॉरो मॉर्निंग. आज इथे मोठी मीटिंग आहे, बट आय कॅन कॅन्सल. तुम्ही सांगा ना. बाबा ठीक आहेत?"

'आत्ता निघ' म्हणायचं म्हणजे 'तुझा बाप चालला' म्हणायचं. ते दुसऱ्या कुणीतरी म्हणावं, डॉक्टरनं म्हणावं, आईनं म्हणावं. राधिकानं संजीवची जन्मवेळ केव्हाची पाठवून ठेवली होती. भास्कररावांनी ती पत्रिका उघडलीही नव्हती. पण इतक्या वर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप वळली.

"ग्रहांचा कल चांगला आहे, बाळ. बाकी प्रभूच्या हातात."

"कल चांगला आहे?"

"हो."

"ओके. ओके, काका. थँक यू सो मच." तिचा आवाज एकदम सैल पडला. फोन ठेवल्यावर भास्कररावांनाही बरं वाटलं. पोरीला जरा धीर दिला, असं वाटलं.

संजीव दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. आन्याचं विमान तेव्हा डॅलसहून सुटायचं होतं.

तेराव्याला घरी माणसं जमली होती. बाहेर बर्फ, आत बुटांचा ढीग. भास्करराव दाराजवळच उभे राहिले, तर मंडळाच्या राजाराम कुलकर्ण्यांनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि चांगली गादीची खुर्ची दिली. लोक वाकून बोलत होते, जरा जास्तच अदबीनं. शेवटी मंडळातल्याच रत्नाकाकू जवळ येऊन कुजबुजल्या, "काका, तुम्हाला दिसलं होतं ना? म्हणून पोरीला 'उद्या ये' सांगितलंत. बापाचा शेवटचा श्वास तिनं बघू नये म्हणून. राधिका सांगत होती."

"मी कुठे उद्या..." भास्करराव म्हणाले आणि तिथेच थांबले. कल. तो शब्द आन्याच्या कानात शिरून कसा उलटला, ते त्यांना आता दिसलं. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला.

"खुणा सगळ्यांनाच दिसतात हो," शेजारी कुलकर्णी कुणाला तरी सांगत होते, "वाचणारा लागतो." जुन्या चोपड्यांत खऱ्या ठरलेल्या भाकितांच्या गोष्टी असायच्या, त्या भास्कररावांना आठवल्या. त्यांतल्या किती अशाच कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत तयार झाल्या असतील, कोण जाणे.

राधिका स्वयंपाकघरात एकटी सापडली. सिंकपाशी उभी राहून ती धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

"राधिका, आन्यानं चुकीचं ऐकलं. मी तिला..."

"माहीत आहे मला, काका." तिनं नळ बंद केला नाही. "एअरपोर्टवरून येताना गाडीतच कळलं. 'काका सेड कल,' म्हणाली. तुमचा कल मी ओळखत नाही का? इतकी वर्षं ऐकतेय." मग ती वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि ते भास्कररावांना बघवेनात. "तिला सांगू नका. एका शब्दापायी तिचे बाबा हुकले, हे तिला कळता कामा नये. तिच्या नशिबातच नव्हतं, तुम्हाला ते दिसलं होतं, असं वाटू दे तिला. त्यावर ती जगेल."

"आणि तुला माझा राग..."

"रागाचं नंतर बघू. आधी प्रॉमिस करा."

भास्कररावांनी मान हलवली. राधिकानं पुन्हा भांडं हातात घेतलं.

त्या दिवशी त्यांना घरी सोडायला आन्या निघाली, संजीवचीच गाडी घेऊन. तळं गोठून पांढरं पडलं होतं. ज्या बाकावर शनिवारी दोघं बसायचे, त्यावर बर्फ साचला होता. घरापुढे गाडी उभी करून तिनं इंजिन चालूच ठेवलं.

"काका, आईचा चार्ट पण आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"देन प्रॉमिस मी समथिंग." ती समोर काचेकडे बघत होती. "बाबांच्या वेळी तुम्ही मला कल दिलात. लोक म्हणतात, दॅट वॉज काइंड. मे बी. पण आईच्या वेळी मला 'आज' पाहिजे. तुम्हाला दिसलं की मला कॉल करा, मी सगळं सोडून येते. तोपर्यंत मी वरी नाही करणार. आय विल जस्ट वेट फॉर युअर कॉल."

ही पोरगी तिकडे प्लेनोला एका म्हाताऱ्याच्या फोनची वाट बघत बसणार, आणि त्या म्हाताऱ्यानं पत्रिका कधी नीट उघडलेलीसुद्धा नाही. इकडे राधिकाचे पाय गार पडतील. साक्षीसाठी त्यांनी आपले पाद्री बोलावले, सगळ्यांना, लंडनचे, जर्मनीचे, बोस्टनचे. कोणी आलं नाही. राधिकाला दिलेला शब्द आठवला, गादीची खुर्ची आठवली. बोललं की दोन्ही गेलं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पुढचं काही दिसत होतं.

"आन्या, मी 'उद्या' म्हणालो नव्हतो."

"यू सेड कल."

"मराठीत कल म्हणजे उद्या नाही, बाळ. कल म्हणजे झुकणं. ह्या बाजूला, नाहीतर त्या बाजूला. थोडंसं."

"लाइक, लीनिंग?"

"हो. ग्रहांचं लीनिंग बरं आहे, असं म्हणालो मी."

"वॉज इट?"

"मी बघितलंच नव्हतं."

आन्यानं इंजिन बंद केलं. हीटरचा आवाज थांबला आणि गाडीत एकदम गार वाटायला लागलं. तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच होते, बोटं पांढरी पडली होती.

"मी विचारलं, आज की उद्या. अँड यू सेड... सो व्हॉट डिड यू से?"

"काहीच नाही. शब्द खूप होते, पण सांगितलं काहीच नाही." भास्कररावांना वाटलं होतं, खरं बोललं की जरा हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. "त्या सकाळी मी त्याच्याजवळच बसलो होतो. मला कळलं होतं. तुझी आठवण काढली त्यानं. तुला जे सांगायला हवं होतं, ते माझ्या तोंडातून आलं नाही."

"काय सांगायला हवं होतं?"

भास्करराव चष्मा काढून पुसायला लागले.

"नाही, सांगा. मराठीत सांगा. व्हॉट वॉज द वर्ड?"

"ये," भास्करराव म्हणाले.

आन्यानं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. तिचा चेहरा थेट संजीवसारखा होता. हसत नसला की तोही असाच दिसायचा.

"तो शब्द मला येतो, काका," ती म्हणाली.